नवसूचं अंदाजे वय

कागद नसलेलं माणूस टेबलापुढे येऊन उभं राहिलं, की नवसू आधी त्याचे हात बघायचा, मग मान, मग दात. केस सगळ्यात शेवटी, कारण केसांचा काही भरवसा नाही हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? जव्हारच्या एका सरकारी कचेरीत तो लिपिक होता आणि म्हाताऱ्यांच्या योजनांचे अर्ज त्याच्याकडे असत. आता डोंगरातल्या पाड्यावर, कुडाच्या घरात जन्मलेल्या माणसाकडे जन्माचा दाखला कुठून येणार? मग नवसू विचारायचा, बाबा, तुमचं लगीन झालं तेव्हा जव्हारला मोटार येत होती का, पहिलं पोर झालं तेव्हा पाड्यावर शाळा होती का. एवढं विचारून, चेहरा एकदा न्याहाळून तो अर्जाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आकडा टाकायचा आणि पुढे लिहायचा, ‘अंदाजे’. दवाखान्यातले डॉक्टर दाखला देताना बहुतेक वेळा तोच आकडा उचलत. नवसूची नजर पक्की, असं सगळी कचेरी म्हणायची.

पक्की नजरही कधीतरी दगा देते. दाभोशाचा पोश्या तीनदा आला होता. काळे केस, टणक पोटऱ्या, दात शाबूत. तो म्हणत होता पासष्ट झाली, योजनेला लागतात तेवढी; नवसूने साठ लिहिली. पुढच्या पावसाळ्यात पोश्या गेल्याचं कानावर आलं. त्या दिवशी नवसूने डबा उघडला तसाच बंद केला.

नवसूचं स्वतःचं वय मात्र कागदावर स्पष्ट होतं: एक जून एकोणीसशे एकोणनव्वद. आता एक जून ही तारीख ऐकून हसू नका. या डोंगरात निम्म्या माणसांचा जन्म एक जूनचा. पोर शाळेत घालायला नेलं, की मास्तर त्याच्याकडे बघून साल ठरवत आणि शाळा ज्या महिन्यात सुरू होते त्याची पहिली तारीख घालत. त्यामुळे एकतीस मे आला की कचेऱ्यांतून निरोपसमारंभांची रांग लागते. एक जूनवाले सगळे अठ्ठावन्न भरून एकाच संध्याकाळी नारळ आणि शाल घेऊन घरी जातात. नवसू तर भर आवणीत, भाताची रोपं लावायच्या दिवसांत जन्मलेला. म्हणजे महिनाही चुकलेला. पण साल खरं होतं, आणि भांडण लागलं ते नेमकं सालावरून.

कारण छत्तिसाव्या वर्षी नवसू साठीचा दिसत होता. दिसत होता म्हणजे काय, होताच. बाराव्या-तेराव्या वर्षी पोरं उंच होतात, हा झालाच नाही. बारावीत असताना कानाजवळचे केस पांढरे झाले, नोकरीला लागताना सगळं डोकं पिकलं. आवाज बारीक आणि घोगरा झाला, जसा कोणी बंद दाराआडून बोलतोय. नाक टोकदार झालं, पायाची कातडी हाडाला चिकटली. बत्तिसाव्या वर्षी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. लोक म्हणायचे, उष्णता. बायको पुष्पलता म्हणायची, रात्रंदिवस कागदात डोकं घालून दुसरं काय होणार. मोखाडा तालुक्यात सूर्यमाळच्या पाड्यावर राहणारी त्याची आई, रंगू, काहीच म्हणायची नाही. तो घरी आला की त्याच्याकडे बघायची आणि चुलीत फुंकर घालायला वाकायची.

लोकांची सवय झाली होती त्याला. पोरीच्या शाळेत पालकसभेला गेला तर नवीन बाईंनी विचारलं, हर्षदाचे आजोबा का? हर्षदा नऊ वर्षांची, तिने ठणकावून सांगितलं, माझे पप्पा. घरी येताना तिने त्याचं बोट नेहमीपेक्षा घट्ट धरलं होतं. एसटीत तर रोजचं नाटक. कंडक्टर न विचारता ज्येष्ठ नागरिकाचं अर्धं तिकीट फाडायचा आणि नवसू त्याच्याशी पूर्ण तिकिटासाठी भांडायचा. अशी भांडणं जव्हारच्या स्टँडवर कोणी ऐकली नव्हती. माणसं सवलत मिळावी म्हणून वय वाढवतात, आणि हा बाबा पूर्ण तिकीट द्या म्हणून अडून बसतो!

एक दिवस मात्र तो भांडला नाही. डाव्या टाचेला जखम झाली होती, महिना झाला भरत नव्हती. बसमध्ये गर्दी, पाय ठणकत होता. कंडक्टरने ‘बसा बाबा’ म्हणत जागा करून दिली, अर्धं तिकीट हातात ठेवलं, आणि नवसू गप्प बसला. एकदाच. तेवढ्या एका गप्प बसण्याने घात केला.

जानेवारीत कचेरीत निनावी अर्ज आला. सदर कर्मचाऱ्याने खोटी जन्मतारीख दाखवून नोकरी मिळवली, तो प्रत्यक्षात साठीच्या पुढचा आहे, एसटीत ज्येष्ठ नागरिक म्हणून प्रवास करतो, आणि चार वर्षांपूर्वीच्या नेत्रशिबिरात त्याने स्वतःच वय बासष्ट सांगितलं, सोबत कार्डाची नक्कल जोडली आहे. ती नक्कल पाहताच नवसूला सगळं आठवलं. शिबिरात त्याने बत्तीस सांगितलं होतं, शपथेवर सांगतो. नोंद करणाऱ्या पोराने वर पाहिलं, त्याचे पांढरे केस पाहिले, आणि म्हाताऱ्याला आकडे कळत नसतील असं समजून तीनचा सहा केला. चूक दुरुस्त केली बिचाऱ्याने. नवसूला ते तेव्हाच दिसलं होतं, पण डोळ्यांवर धुकं होतं, मागे रांग होती, म्हटलं राहू दे.

अर्ज कोणी केला ते शेवटपर्यंत कळलं नाही. नवसूने शोधलंही नाही. पण त्या दिवसापासून कचेरीत जो कोणी त्याच्याकडे बघून हसे, त्याच्या हसण्याकडे तो दोनदा बघू लागला.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने नवसूला आत बोलावलं, दार लावलं आणि सांगितलं, की या भागात जन्मतारखा कशा लागतात ते सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा शाळेच्या दाखल्यावर मी कसा विसंबू? वैद्यकीय तपासणी होऊ दे. हाडं खोटं बोलत नाहीत. नवसूला उलट बरं वाटलं. हाडं खोटं बोलत नाहीत, मग भ्यायचं कशाला? मोठ्या दवाखान्यात त्याच्या कवटीचे, छातीचे, मणक्याचे, सांध्यांचे फोटो काढले, दात तपासले. पंधरा दिवसांनी बंद पाकिटातून अहवाल आला. त्यात एकच ओळ कामाची होती: वय अंदाजे पंचावन्न ते साठ.

‘अंदाजे’ हा शब्द नवसूने हजार वेळा लिहिला होता. कोणी आपल्यावर लिहिल्यावर तो कसा लागतो, हे त्याला त्या दिवशी कळलं. पाठोपाठ नोटीस आली: सेवेतून का कमी करू नये, खोट्या दाखल्याबद्दल गुन्हा का नोंदवू नये, याचा खुलासा साठ दिवसांत करावा, पुरावा द्यावा. साहेब नोटीस देताना म्हणाला, हातच्या कांकणाला आरसा कशाला, नवसूभाऊ. त्यानंतर नवसूची झोप उडाली. नोकरी गेली तर हर्षदाचं काय, हा घोर होताच. पण त्याहून मोठा घोर वेगळा होता. साऱ्या कचेरीत तो एकटा असा, ज्याने कधी कोणाचं वय हात ओला करून वाढवलं नव्हतं की घटवलं नव्हतं. आणि खोट्या वयाचा शिक्का बसणार होता तो त्याच्याच कपाळावर.

पुरावा कुठून आणायचा? आश्रमशाळेची नोंदवही होती, पण तिच्यात त्या वर्षीच्या एकोणतीस पोरांची जन्मतारीख एकच. पाड्यावर वय मोजायची रीत वेगळी: कोण कोणाच्या जोडीचा. नवसू बुध्याच्या जोडीचा. एकाच आवणीत, एकाच आठवड्यात दोघं जन्मले, आणि बुध्याच्या आईला दूध आलं नाही म्हणून रंगूने दोघांना पाजलं. बुध्या आता भिवंडीला टेम्पो चालवायचा. नवसूने फोन केला तेव्हा बुध्या म्हणाला, येतो की, पण माझं थोबाड बघून तुझं कामच बिघडेल. खोटं नव्हतं ते. बुध्याच्या मिशीचा एक केस पांढरा नव्हता.

आणि रंगू? रंगू तर पुरावाच होती. पण तिला कचेरीत आणायला नवसूचा जीव धजेना. रंगूचं लग्न कवळ्या वयात झालेलं, पहिलं पोर नवसू. आज ती पंचावन्न-छप्पन्नची असेल. डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन चढ चढायची, अंबाडा अजून काळा. माय-लेक शेजारी उभे राहिले तर कोण कोणाच्या पोटचं, हे अनोळखी माणसाला सांगावं लागलं असतं. आईची लोकांसमोर अशी शोभा करायची, यापेक्षा नोकरी गेलेली परवडली, असंही त्याला काही दिवस वाटलं.

तिढा सुटला तो टाचेमुळे. जखमेतून पाणी यायला लागलं तेव्हा पुष्पलता त्याला ओढतच सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथे नवीन डॉक्टर आली होती, योगिता. खोडाळ्याच्या शेतकऱ्याची पोर. शिकून मुंबईला राहिली असती तर कोणी दोष दिला नसता, पण परत आली. तिने रक्तातली साखर तपासली, ती वाढलेली निघाली. पायाची कातडी दोन बोटांत धरायला गेली, ती धरताच येईना. मग तिने कार्डावरचं वय वाचलं, पस्तीस. बाकीच्यांसारखी ती हसली नाही, की पेन उचलून आकडा सुधारला नाही. तिने विचारलं, डोळ्यांचं ऑपरेशन कधी झालं, केस कधी पिकले, उंची कितव्या वर्षी थांबली, आई-वडील एकमेकांच्या नात्यातले का. नवसू म्हणाला, हो, आईचं लग्न तिच्या मामाच्या मुलाशी झालं, आमच्यात होतात तशी. पुष्पलताने हाडांच्या फोटोंची आणि नोटिशीची हकीकतही सांगून टाकली. योगिताने पेन खाली ठेवलं आणि टाचेचा फोटो काढायला सांगितला.

फोटो उजेडाकडे धरून ती बराच वेळ बघत राहिली. टाचेच्या वर जी जाड शीर पोटरीकडे जाते, तिच्यात पांढरे खडे साचले होते, हाडासारखे.

‘‘हे म्हातारपण नाही,’’ ती म्हणाली. ‘‘नव्वदीच्या म्हाताऱ्याच्या टाचेतही असं सहसा सापडत नाही. तुमची हाडं खोटं बोलली, टाच खरं बोलतेय.’’

मग तिने त्याला बसवून सगळं समजावलं. आता पेशी, डीएनए हे शब्द नवसूने बारावीत घोकले होते, पण घोकलेलं आणि स्वतःच्या अंगावर आलेलं यात फरक असतो. योगिताने शेताचा बांध घेतला. पावसाळ्यात खेकडे भाताच्या बांधाला भोकं पाडतात, हे तिलाही माहीत आणि त्यालाही. भोक राहिलं तर खाचरातलं पाणी जातं आणि रोप पिवळं पडतं. म्हणून रोज सकाळी घरातलं कोणीतरी बांधावरून फिरतं आणि चिखलाचा गोळा दाबून भोकं बुजवतं. शरीरातल्या प्रत्येक पेशीत डीएनएचा लांबच लांब धागा असतो, ती म्हणाली, आणि त्याला रोज हजारो ठिकाणी इजा होते. उन्हाने, धुराने, आणि काही नसलं तरी नुसत्या जगण्याने. बुजवणारे असतात म्हणून आपण उभे असतो. वय झालं की बुजवणाऱ्यांचे पाय थकतात, भोकं साचतात, पेशी नव्या पेशी करायचं थांबवतात. त्यालाच आपण म्हातारपण म्हणतो, निदान त्याचा मोठा भाग तरी. तुमच्याकडे बुजवणारे बरेच आहेत, पण त्यांतला एक जन्मापासून कामावर आलेलाच नाही. धाग्याचा पीळ सोडवून देणं हे त्याचं काम. पीळ सुटला नाही तर बाकीचे तिथवर पोचत नाहीत आणि दुरुस्ती अर्धी राहते. म्हणून जे साठ वर्षांत व्हायचं ते तीस वर्षांत झालं.

नवसूने विचारलं, त्याला आता कामावर लावता येईल का.

योगिता म्हणाली, नाही, अजून तरी नाही. साखर सांभाळता येईल, जखम भरता येईल, दरवर्षी तपासणी करून गाठ वगैरे उठली तर वेळेत धरता येईल. किती वर्षं, असं त्याने विचारलं नाही, पण जागचा उठलाही नाही. तेव्हा तिने खाली बघत सांगितलं, की बहुतेक जण पन्नाशीच्या आसपास जातात, काही पुढेही जगतात, आकडा धरून बसू नका. नवसू ज्या टेबलावर बसतो तिथे आकडाच धरून बसायचं असतं, हे तिला कोण सांगणार? त्याने पुढचा प्रश्न विचारला तो हर्षदाचा. सिकलसेलसारखंच, योगिता म्हणाली. निम्मा दोष आईकडून आणि निम्मा बापाकडून आला तरच आजार. हर्षदाला तुमच्याकडून निम्मा आला असणार, पुष्पलताताई तुमच्या नात्यातल्या नाहीत, तेव्हा पोरीचं भय धरू नका. त्या दिवशी नवसूने घरी येऊन पोटभर भात खाल्ला. माणसाचं असंच असतं, स्वतःचं मरण कळल्याच्या दिवशीही पोर वाचलं म्हणून भूक लागते.

रक्त मुंबईला गेलं. अहवालाला दीड महिना लागणार होता आणि नोटिशीचे तेवढेच दिवस उरले होते. आता या दीड महिन्याची गंमत बघा. अहवालात दोष निघाला नाही, तर नवसू खोटारडा ठरणार, पण जगण्याची आशा राहणार. दोष निघाला, तर खरा ठरणार, आणि पन्नाशीचा खुंट समोर दिसणार. देवापुढे उभं राहून मागायचं तरी काय? सूर्यमाळला गेला की तो हिरव्यादेवापुढे हात जोडायचा आणि काही न मागताच परत फिरायचा. रोज सकाळी कचेरीत टपाल आलं, की तो आधी पाकिटांचे पत्ते बघायचा, कारण अहवालाची एक प्रत कचेरीतही यायची होती आणि आवक टपाल फोडायचं कामही त्याच्याकडेच होतं. एकदा दवाखान्याचं वाटावं असं पांढरं लांबट पाकीट आलं. त्याने ते तासभर पुस्तकाखाली ठेवलं. फोडलं तर पाणीटंचाईच्या बैठकीचं पत्र निघालं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी योगिताचा फोन आला. अहवाल आलाय, दोन्हीकडून दोष आहे. मग म्हणाली, नवसूदादा, अभिनंदन म्हणू की काय म्हणू, मला कळत नाही. नवसूने तिलाच धीर दिला, म्हणाला, ताई, तुम्ही फक्त शिक्क्याचं पत्र द्या.

सुनावणीला रंगू आलीच. बुध्याने तिला परस्पर जीपमध्ये घालून आणली होती. साहेबासमोर तिघं उभी राहिली: काळ्या मिशीचा बुध्या, काळ्या अंबाड्याची रंगू, आणि मधे काठी टेकून नवसू. साहेबाने आधी अहवाल वाचला, मग योगिताचं पत्र, मग रंगूकडे बघून रीतसर विचारलं, हे तुमचे कोण? शेजारचा शिपाई तोंड फिरवून हसला.

‘‘माहा पोर हाय,’’ रंगू म्हणाली. ‘‘ह्यो बुध्या आन ह्यो, दोगांला मीच पाजलाय. येक वाढला तसा वाढला, येक लवकर वाढला. त्यात त्येचा काय गुन्हा?’’

शिपाई हसायचा थांबला. साहेबाने तिचा जबाब लिहून घेतला आणि वयाच्या रकान्याशी अडला. रंगूकडे कागद नव्हता. सवयीने त्याने नवसूकडे पाहिलं, तुम्हीच सांगा, अंदाजे किती लिहू? नवसूने आईचे हात बघितले, मग मान, मग दात. इतक्या वर्षांत त्याने आईकडे असं कधी बघितलं नव्हतं. नजर पक्की होती, ती सांगत होती की ही बाई तुझ्यापेक्षा लहान आहे. त्याने सांगितलं, छप्पन्न. रंगूने जबाबावर अंगठा उमटवला.

सूर्यमाळला परतताना जीप खोडाळ्याला आली. तेव्हा रंगूने विचारलं, कागदात आजाराचं काय लिहिलंय, कुठून आला? खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. त्याने सांगितलं, सिकलसेलसारखा. पाड्यावर आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईने सिकलसेलचं चित्र इतक्यांदा दाखवलं होतं, की रंगूला पुढचं सांगावं लागलं नाही. ‘‘मंजे निम्मा माह्याकडला,’’ ती म्हणाली. नवसू घाईने म्हणाला, निम्मा बाबाकडला, आणि दोष असा कोणाचाच नाही. पण बाबा कधीच गेला होता, वाटणी घ्यायला एकटी रंगूच उरली होती. दोन दिवस तिने चूल पेटवली, त्याला वाढलं, आणि स्वतः ताटावर बसली नाही. खरं बोलून आपण काय मिळवलं, असं नवसूला पहिल्यांदाच वाटलं.

आदेश जुलैत आला. नवसूनेच पाकीट फोडलं, नोंदवहीत चढवलं आणि मग वाचलं. तक्रारीत तथ्य आढळून आलं नाही, जन्मतारीख एक जून एकोणीसशे एकोणनव्वद कायम करण्यात येत आहे. साहेबाने स्वतः उठून हात मिळवला. कचेरीत पेढे वाटले गेले, शिपायाने दोन खाल्ले. नवसूने आदेश घडी करून खिशात घातला आणि शनिवारी सूर्यमाळची वाट धरली.

पाऊस मघाशीच थांबला होता. रंगू खाचराच्या बांधावर होती, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात चिखलाचा गोळा. खेकड्यांनी यंदा भोकांची चाळण केली होती. नवसू काठी टेकत बांधावर आला आणि म्हणाला, आये, जिंकलो. ती हसली नाही. हातातला गोळा तसाच धरून उभी राहिली, आणि तीन महिने तिच्या पोटात जे अडकून पडलं होतं ते बाहेर आलं.

‘‘येक सांग मना. तू माह्या आधी म्हातारा झालास. जायाचा बी माह्या आधी का?’’

नवसूने खिशातून कागद काढला. उलगडला. शिक्का बघून रंगू जवळ सरकली. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून त्याने सावकाश, एकेक शब्द सुटा करून वाचलं. त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं: सदर कर्मचारी नियत वयोमानानुसार दिनांक एकतीस मे दोन हजार सत्तेचाळीस रोजी सेवानिवृत्त होतील.

‘‘सरकारनं लिहून दिलंय, आये. आजून बावीस वर्षं कचेरीत जायाचंय मला.’’

रंगूने बोटांवर बावीस मोजायला घेतले, दोन्ही हात संपले, पुन्हा सुरुवात केली, आणि मधेच सोडून दिलं. तिचा चेहरा सैल पडला. तवर मी काय ऱ्हातेय, म्हणाली, मी आधी जायाची, आणि खरोखर हसली. मग वाकून कामाला लागली. नवसूने आदेश घडी करून खिशात ठेवला, काठी बाजूला टाकली, आईच्या पुढच्या भोकाशी बसला आणि चिखलात हात घातला.